सपाट मुलखातला ओढा मुखापासून उगमापर्यंत कसा शोधायचा: सस्कॅचवानची वस्काना क्रीक

आधी शब्दाचा घोळ मिटवून टाकू. आपल्याकडे क्रीक म्हटलं की ठाण्याची खाडी आठवते, भरती-ओहोटी, खारफुटी, गाळ. कॅनडात क्रीक म्हणजे साधा ओढा, गोड्या पाण्याचा, आणि समुद्र तिथून हजार किलोमीटर लांब असला तरी नाव क्रीकच. मी मूळची साताऱ्याकडची, आता कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या रिजायनात राहते, आणि आमच्या शहराच्या मधोमध वाहणारी वस्काना क्रीक हा असाच एक लांबलचक ओढा आहे, जो पुढे कपेल नदीला मिळतो. कपेल फ्रेंच पद्धतीने क्यू वापरून लिहितात, त्यामुळे नकाशावर शोधताना क पासून शोधू नका, सापडणार नाही.

साताऱ्याला ओढा शोधणं सोपं होतं. डोंगर दिसतो, डोंगराची धार दिसते, धारेच्या अलीकडचं पाणी इकडे आणि पलीकडचं तिकडे, वेण्णा आणि कृष्णा माहुलीला मिळतात हे शाळेतल्या पोराला पण दाखवता येतं. प्रेअरीत, म्हणजे इथल्या सपाट गवताळ मुलखात, यातलं काहीच नाही. डोळ्याला जमीन ताटासारखी सपाट दिसते, उतार असतो पण तो दर किलोमीटरला मीटरभर किंवा त्याहून कमी, तो उभं राहून कळतच नाही. त्यामुळे इथे ओढा समजून घ्यायची पद्धत वेगळी आहे आणि मला ती कळायला तीन उन्हाळे लागले, म्हणून सविस्तर लिहितेय. वस्काना उदाहरण म्हणून घेतलीय, पण हीच पद्धत अल्बर्टा, मॅनिटोबा, नॉर्थ डकोटा कुठल्याही प्रेअरी ओढ्याला चालेल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरुवात उगमापासून करायची नाही, मुखापासून करायची. आपल्याला सवय असते की नदी म्हणजे आधी उगम, महाबळेश्वरचं गोमुख, मग खाली खाली येत संगम. प्रेअरीतल्या ओढ्याला गोमुख नसतं. उगमाकडे गेलात तर नुसतं गव्हाचं नाहीतर कनोलाचं शेत असतं आणि त्यात एक जराशी खोलगट पट्टी, तिला ओढा म्हणायचं की शेत हे तुम्हाला ठरवता येणार नाही. मुख मात्र पक्कं असतं, दोन पाणी मिळतात ती जागा एकच. तिथून उलटं वर चढत गेलं की प्रत्येक फाट्यावर एकच प्रश्न उरतो, जास्त पाणी कुठून येतंय, डावीकडून की उजवीकडून.

सामान फार लागत नाही. पन्नास हजारात एक या स्केलचा टोपो नकाशा, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा घ्या, कॅनडा सरकारचे हे नकाशे फुकट डाउनलोड होतात, रिजायनाच्या आसपासची शीट ७२-आय या गटात येतात. त्यांचं टोपोरामा नावाचं ऑनलाइन टूल आहे, त्यात पण चालतं. एक मीटरभर दोरा, एक वही, गुडघ्यापर्यंतचे गमबूट, आणि फोनमध्ये सॅटेलाइट नकाशा ऑफलाइन सेव्ह करून ठेवा कारण ओढ्याच्या वरच्या भागात रेंजचा भरवसा नाही.

घरी बसून करायचं काम आधी करा. नकाशावर ओढ्याच्या रेषेवरून दोरा वळणावळणाने लावत न्या आणि मग सरळ करून मोजा, या स्केलवर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. त्याच तुकड्याची सरळ अंतराची लांबी पण मोजा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर दीडच्या वर आलं तर ओढा चांगलाच नागमोडी आहे असं धरायचं. आता त्याच तुकड्यात कंटूरच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, किती रेषा ओढ्याला छेदतात ते बघा. समजा दोन रेषांमध्ये १० मीटरचा फरक आहे आणि दोऱ्याने त्यांच्यामधलं अंतर २० किलोमीटर आलं, तर उतार दर किलोमीटरला अर्धा मीटर. नकाशाच्या कडेला कंटूर फुटात आहे की मीटरमध्ये ते आधी वाचा, जुन्या शीटवर फूट असतात आणि तिथे गफलत झाली की पुढचं सगळं गणित तिप्पट चुकतं.

हे वस्कानावर केलं की एक गोष्ट उठून दिसते. ओढा सुरू होतो रिजायनाच्या पूर्वेला वायबँक गावाजवळच्या शेतांत, आणि तिथून थेट शहराकडे यायचं सोडून आधी आग्नेयेला जातो, म्हणजे शहरापासून लांब, टायव्हन गावाजवळ वळण घेतो आणि मग वायव्येला उलटा फिरून रिजायनात येतो, शहरातून जातो आणि लम्सडेनच्या पश्चिमेला कपेलला मिळतो. नकाशावर बघितलं तर आकार मोठ्या आकड्यासारखा, कपडे अडकवायचा हूक असतो ना तसा. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं दोन वेगळे ओढे आहेत. नुसतं गाडीने हायवेवरून फिरलात तर हे कळणारच नाही, म्हणून नकाशा आधी.

आता कधी जायचं. मी पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये गेले, सुट्टी होती म्हणून, आणि शहराच्या वरच्या भागात कित्येक पुलांखाली नुसता लव्हाळा आणि भेगाळलेली माती, पाणी कुठे जातंय हे कळायला पाणीच नाही. इथे वर्षाला पाऊस आणि बर्फ मिळून ४०० मिलिमीटरच्या आतच पडतं, आणि उन्हाळ्यातला पाऊस बहुतेक पीक पितं नाहीतर वारा आणि ऊन उडवून नेतं. ओढ्याचं खरं वर्ष म्हणजे मार्चअखेर ते एप्रिल, बर्फ वितळतं पण खालची जमीन अजून गोठलेली असते, पाणी मुरत नाही, सगळं वरूनच पळतं. त्या दोन-तीन आठवड्यांत ओढा वर्षभराचं बहुतेक पाणी वाहून नेतो. आपल्याकडे जसा ओढा जुलैमध्ये बघायचा तसा इथे एप्रिलमध्ये बघायचा, एवढं लक्षात ठेवा. निघायच्या आधी सरकारच्या जलमापन खात्याच्या साइटवर ओढ्यावरच्या केंद्राचा आलेख बघा, रोजचा प्रवाह घनमीटर प्रति सेकंदात दिलेला असतो. केंद्राचा नंबर ०५जे ने सुरू झाला की समजायचं कपेलचं खोरं, त्यातला ०५ म्हणजे शेवटी नेल्सन नदीकडे जाणारं पाणी. आलेख वर चढायला लागला की गमबूट बाहेर काढून निघा.

पहिला थांबा मुख. लम्सडेनकडे हायवे ११ ने जाताना जमीन सपाट, सपाट, सपाट आणि अचानक समोर दरी उघडते. ही कपेलची दरी, आणि हिच्यात उतरल्यावर एक विसंगती दिसली पाहिजे, दरी एवढी रुंद की पलीकडची गुरं ठिपक्यासारखी, आणि तळाशी नदी मात्र एवढीशी की नेम धरून दगड मारला तर पलीकडे जाईल. एवढ्याशा नदीने एवढी दरी खोदली असेल का? नाही खोदली. हिमयुग संपताना वितळणाऱ्या बर्फाचं प्रचंड पाणी इथून वाहिलं, दरी त्याने खोदली, ते पाणी गेलं आणि आजची नदी बापाचा कोट घातलेल्या पोरासारखी त्यात राहिली. प्रेअरीत दरीचा आकार बघून नदीचा अंदाज करायचा नाही हा धडा इथेच घ्या.

दरीच्या उतारांकडे पण बघा. ज्या उताराचं तोंड उत्तरेला आहे तिथे झाडी-झुडपं आणि ज्याचं तोंड दक्षिणेला आहे तो गवताळ, उघडा, कारण दक्षिणेचं ऊन त्याला सुकवून टाकतं. बाजूच्या घळींना इथे कूली म्हणतात. कंपास नसला तरी उतारांवरून दिशा कळते, ढगाळ दिवशी मला हे खूप उपयोगी पडलंय.

मुखापासून वर निघालात की वस्काना स्वतःच्या लहान दरीतून येते. रिजायना समुद्रसपाटीपासून ५७७ मीटरवर आहे आणि लम्सडेन साधारण ५०० च्या आसपास, म्हणजे शहर सोडल्यावर थोड्याच अंतरात ओढ्याला पाऊणशे मीटरच्या घरात उतरावं लागतं. कपेलची दरी खोल, तिला गाठायला ओढ्याने पण स्वतःची घळ कापत मागे मागे आणलीय. म्हणून खालचा भाग खोल आणि वाकडातिकडा, आणि वरचा भाग उथळ आणि सुस्त, आपल्याकडच्या ओढ्यांच्या बरोबर उलटं. आपला ओढा वर उसळतो आणि खाली सपाटीला मंदावतो, हा वर मंद आणि खाली घाईत. या भागात वस्काना ट्रेल्स म्हणून सार्वजनिक जागा आहे, पायवाटा आहेत, कुणाची परवानगी लागत नाही, नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी. एक वळण निवडा आणि बाहेरची कड आणि आतली कड शेजारी शेजारी बघा, बाहेरची उभी कापलेली, कोसळती, आतली गाळाने भरलेली, थोडं पुढे जुनी सोडून दिलेली वळणं चंद्रकोरीसारखी गवतात दिसतील.

परवानगीवरून आठवलं, हे नीट वाचा. सस्कॅचवानमध्ये १ जानेवारी २०२२ पासून ग्रामीण खाजगी जमिनीत शिरायला मालकाची आधी परवानगी घ्यावीच लागते, पाटी लावलेली असो नसो, कुंपण असो नसो. ओढ्याच्या काठाने सरळ चालत सुटायचं ही आपल्याकडची सवय इथे चालत नाही. मी कायम रस्त्यावरच्या पुलावरून बघते, आणि काठावर जायचंच असेल तर आधी शेतकऱ्याच्या घरी जाऊन विचारते. आजवर मला एकानेही नाही म्हटलेलं नाही, उलट कुठल्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं ते सगळं सांगतात, आणि ती माहिती कुठल्या नकाशात नसते.

पुढचा थांबा शहर. शहराच्या खालच्या अंगाला सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लांट आहे आणि प्रक्रिया केलेलं पाणी वस्कानात सोडतात. कोरड्या महिन्यांत प्लांटच्या खाली ओढ्यात जे वाहतं ते जवळजवळ सगळं हेच पाणी असतं. त्यामुळे ओढा बारमाही आहे की नाही हा प्रश्न एका ठिकाणी उभं राहून सोडवू नका, प्लांटच्या वरची जागा आणि खालची जागा दोन्ही बघा, आणि वहीत दोन वेगळ्या ओळी लिहा. खाली बारमाही दिसतो तो माणसांमुळे, वर तो मूळचा आहे तसा, कधी वाहणारा कधी थांबणारा. लम्सडेनच्या पुढचे कपेलवरचे तलाव, पास्क्वा, एको, मिशन, कटेपवा, हे सगळे या संगमाच्या खालच्या अंगाला येतात, म्हणून रिजायनातून काय सोडलं जातं याची तिथल्या लोकांना काळजी असते आणि ती रास्तच आहे.

शहरातला वस्काना लेक म्हणजे हाच ओढा अडवून केलेलं तळं, १८८३ मध्ये पहिला बांध घातला. १९३१ मध्ये मंदीच्या काळात बेकारांना काम द्यावं म्हणून तळं रिकामं करून दोन हजारांवर माणसांनी फावडी आणि घोडागाड्या वापरून ते खोल केलं आणि त्याच मातीतून विलो आणि स्प्रूस अशी दोन बेटं केली. म्हणजे आपल्या रोजगार हमीसारखंच काम. पुन्हा गाळ भरला आणि २००३-०४ च्या हिवाळ्यात परत एकदा उपसलं. सपाट मुलखात ओढा अडवला की त्याला गाळ वाहून न्यायला जोर उरत नाही, तो तिथेच टाकतो, त्यामुळे प्रेअरीतलं कुठलंही अडवलेलं तळं बघताना हे विचारायचंच की शेवटचं कधी उपसलं होतं.

नावाबद्दल पण इथेच सांगते. क्री या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत ओस्काना म्हणजे हाडं. या काठावर बायसनच्या, म्हणजे इथल्या रानटी गव्यासारख्या जनावराच्या, हाडांचे ढीग रचलेले असायचे, त्यावरून क्री लोकांचं नाव, आणि त्यावरूनच वस्काना. गोऱ्यांच्या वस्तीला पण आधी हाडांचा ढीग असंच म्हणायचे, १८८२ मध्ये ते बदलून व्हिक्टोरिया राणीवरून रिजायना केलं. ओढ्याचं नाव मात्र राहिलं. नकाशावर क्री नाव दिसलं की त्याचा अर्थ शोधा, त्यात जागेचा भूगोल असतो. कपेलला क्री लोक हाक मारणारी नदी म्हणतात, फ्रेंच नाव त्याचंच भाषांतर आहे.

शहराच्या वर आलात की खरी परीक्षा. हा सगळा पट्टा एका जुन्या हिमसरोवराचा तळ आहे, भूगर्भवाले त्याला लेक रिजायना म्हणतात. बर्फाने अडवलेलं पाणी इथे साचलं, बारीक माती तळाशी बसली आणि सरोवर गेल्यावर ही सपाट चिकणमाती उरली. इथले लोक तिला गंबो म्हणतात. तुम्ही विदर्भ-मराठवाड्यातले किंवा आमच्या कृष्णाकाठचे असाल तर ही माती तुम्हाला लगेच ओळखू येईल, आपली काळी रेगडीच, त्याच जातीची फुगणारी-आकसणारी चिकणमाती, ओली झाली की बुटाला शेर शेर चिकटते, सुकली की हात जाईल अशा भेगा पडतात. रिजायनातल्या घरांची तळघरं तडकतात ती याच मातीमुळे. पाऊस पडून गेल्यावर मातीच्या रस्त्यावर गाडी घालू नका, खडी टाकलेला असेल तरच जा, नाहीतर ट्रॅक्टर येईपर्यंत तिथेच.

इथे ओढा शोधायची माझी आवडती युक्ती म्हणजे रस्त्यांची जाळी. सस्कॅचवानची जमीन एक मैल बाय एक मैल चौकोनांत मोजलेली आहे, असे ३६ चौकोन मिळून एक टाउनशिप, आणि उत्तर-दक्षिण जाणारे रस्ते दर एक मैलावर, पूर्व-पश्चिम जाणारे दर दोन मैलांवर राखून ठेवलेत. सगळेच बांधलेले नाहीत, पण जिथे आहेत आणि ओढा त्यांना छेदतो तिथे मोरी किंवा पूल असणारच. म्हणजे तुम्हाला ओढ्यावर आयते मोजणीचे थांबे मिळतात. मोरी ते मोरी वर चढत जा, प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी लिहा: मोरीचा आकार, पाणी कुठल्या बाजूला जातंय, रुंदी आणि खोली, आणि तारीख. मोरीचा आकार एकदम लहान झाला की समजा मागच्या मैलात एखादा मोठा फाटा तुमच्याकडून सुटलाय, परत जाऊन बघा. आणि ओढ्याची रेष अचानक पट्टीने आखल्यासारखी सरळ दिसली तर ती माणसाने खणलेली, ओढा स्वतः असा कधी जात नाही.

प्रवाह मोजायचा असेल तर पुलावरून संत्र्याची साल टाका. साल अर्धी बुडून तरंगते म्हणून वारा तिला कमी ढकलतो, काडी नको. १० मीटर जायला २० सेकंद लागली तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. रुंदी ४ मीटर, सरासरी खोली अर्धा मीटर, तर ४ गुणिले अर्धा गुणिले अर्धा म्हणजे १, आणि पृष्ठभागाचं पाणी तळापेक्षा जोरात जातं म्हणून ०.८५ ने गुणायचं, उत्तर ०.८५ घनमीटर प्रति सेकंद. आपल्याकडच्या धरणाच्या बातम्यांच्या हिशेबात हे साधारण ३० क्युसेक. एप्रिलमध्ये बर्फाच्या कडेला जाऊन खोली मोजू नका, कड खालून पोकळ असते, पुलावरून दोरीला वजन बांधून मोजा.

आता सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडणारा भाग, पाणलोट क्षेत्र. आपल्याकडे धार आखली की आतलं सगळं पाणी ओढ्याला मिळतं. प्रेअरीत तसं नाही. हिमनदीने जमिनीवर हजारो बशीएवढे ते तळ्याएवढे खळगे ठेवलेत, इथे त्यांना स्लू म्हणतात. त्यात पाणी साचतं आणि बहुतेक वर्षी तिथेच बसतं, मुरतं, उडून जातं, ओढ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून इथल्या नकाशांत दोन क्षेत्रफळं असतात, एक एकूण, आणि दुसरं प्रत्यक्ष पाणी देणारं, म्हणजे सरासरी वर्षाच्या पुराला जेवढी जमीन हातभार लावते तेवढीच. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच लहान असू शकतो. पण खूप ओल्या वर्षी स्लू भरून एकातून दुसऱ्यात सांडत जातात आणि एकदम कितीतरी नवी जमीन ओढ्याला जोडली जाते. १९७४ आणि २०११ चे पूर आठवणारे लोक इथे आहेत, लम्सडेनला गेलात तर गावाच्या कडेचे मातीचे बांध बघा, ते पुरांपासून बचावासाठीच आहेत. शेतकरी चर खणून स्लू रिकामे करतात तेव्हा पण हेच होतं, वरच्याची जमीन मोकळी होते आणि पाणी खालच्याच्या अंगावर. यावरून इथे शेजाऱ्या-शेजाऱ्यांत भांडणं होतात, आणि माझं मत विचाराल तर खालच्याचं ऐकून घेतल्याशिवाय कुणी चर खणू नये.

तुम्ही करायचं एवढंच, ओढ्याच्या दोन्ही बाजूच्या मैलभरातले स्लू नकाशावर खूण करा, आणि एप्रिलमध्ये जाऊन बघा कुठला ओढ्याकडे सांडतोय आणि कुठला नुसता भरून बसलाय. सांडणाऱ्यावर बाण, बसलेल्यावर गोल. ज्या स्लूच्या कडेला पांढरा मिठाचा थर दिसतो तो सहसा बसलेला, पाणी बाहेर न जाता उडून गेलं की क्षार मागे राहतात. दोन-तीन वर्षं हे केलंत की तुमच्याकडे त्या ओढ्याचा असा नकाशा तयार होतो जो विकत मिळत नाही.

टायव्हनच्या वळणाकडे जायला हायवे ३३ सोपा पडतो, रिजायनातून आग्नेयेला सरळ जातो, वाटेत क्रोनाऊ, सेडली, फ्रान्सिस अशी छोटी गावं आणि धान्याचे एलिव्हेटर, म्हणजे उंच कोठारं. टायव्हनच्या दक्षिणेला यलो ग्रासची पाणथळ जमीन लागते, तिथून सूरिस नदी निघते. ती आग्नेयेला अमेरिकेत नॉर्थ डकोटात शिरते, परत वळून मॅनिटोबात येते आणि असिनिबॉइन नदीला मिळते. आणि आपली वस्काना? ती कपेलमध्ये, कपेल मॅनिटोबात सेंट लाझारला असिनिबॉइनमध्ये, ती विनिपेगला रेड नदीत, मग लेक विनिपेग, मग नेल्सन आणि शेवटी हडसन बे. म्हणजे शेजारच्या शेतांतून निघालेली दोन पाणी पाठ फिरवून वेगवेगळ्या दिशेला गेली आणि शेकडो किलोमीटर फिरून एकाच नदीत भेटली. मी हे पहिल्यांदा बोटाने नकाशावर फिरवलं तेव्हा रात्रीचे बारा वाजले होते आणि मी नवऱ्याला उठवून दाखवलं.

वळणानंतर वायबँककडे शेवटचा टप्पा. मोऱ्या लहान होत जातात, मग एक लोखंडी पाइप, मग पाइप पण नाही, रस्त्याकडेच्या चरातूनच पाणी जातं. इथे उगमाचा पिन कुठे ठोकायचा यावर डोकं लावत बसू नका. माझा नियम असा, एप्रिलमध्ये ज्या ठिकाणी पाणी दोन काठांमध्ये वाहताना दिसतं ती सगळ्यात वरची जागा, काठ बोटभर का असेना. त्याच्या वर नुसतं पसरलेलं पाणी असतं, तो ओढा नाही. पिनच्या शेजारी तारीख लिहा आणि त्या हिवाळ्यात बर्फ किती होतं ते लिहा, कारण पुढच्या वर्षी हा पिन हलणार. माझ्या नकाशावर तीन वर्षांचे तीन पिन आहेत, सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा यात दोन मोऱ्यांचं अंतर आहे.